आर्थर रोडचे फाटक

'इस्पितळ' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि मराठीत असा रुजला, की त्याचे परकेपण आज कुणाच्या ध्यानातही येत नाही. संस्था मात्र शब्दांइतक्या सहजी रुजत नाहीत. डॉक्टरांना मारहाण झाल्याची बातमी आली, की 'पूर्वी लोक डॉक्टरला देव मानत' हे वाक्य हमखास ऐकू येते. हे 'पूर्वी' नेमके कधीचे? निदान १८९६ सालच्या मुंबईत तरी ते सापडत नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. 'गाठीचा ताप' असे लोक म्हणत. वृत्तपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. प्लेगच्या रुग्णाला, त्याची वा घरच्यांची इच्छा असो नसो, वेगळे ठेवण्याचा आणि रुग्णालयात हलवण्याचा अधिकार त्याने नगरपालिकेला मिळाला. हे रुग्ण जेथे नेले जात, ते आर्थर रोडचे साथरोग रुग्णालय गिरणगावाच्या अगदी उंबरठ्यावर होते.

गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. त्याचे कारण वैद्यकीय होते: प्लेगवर तेव्हा खात्रीचा उपचार नव्हता, आणि लपवून ठेवलेला रुग्ण अखेरच्या घटकेलाच हाती लागे. चाळीतल्या माणसाला दिसे ते एवढेच, की जिवंत नेला आणि मेलेला कळवला. या दोन घटनांमधील पोकळी अफवांनी भरून काढली. रुग्णांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, ही एक अफवा. दुसरी अधिक चमत्कारिक होती. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागितली आहेत, असे लोक बोलत. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल करून गेला.

या जमावाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्याला साम्राज्यविरोधी वीर ठरवणे हेही तितकेच सोपे आहे. मला दोन्ही मान्य नाही. फाटकाच्या आत खाटेवर पडलेली माणसेही त्यांच्याच चाळींतली होती, आणि हल्ल्याने त्यांचे काहीएक भले होणार नव्हते. पण त्या काळी माणूस घरात, आपल्यांच्या हातचे पाणी पिऊन मरे. परक्या छताखाली, परक्या हातांत, कुणाला न दिसता मरणे ही त्यांच्या लेखी मरणाहून वाईट गोष्ट होती.

हल्ल्यानंतर हुकूम सैल करण्यात आला. घरीच नीट वेगळे ठेवता येईल अशा रुग्णाला हलवू नये, असे ठरले. त्यामागे स्नो यांची एक व्यावहारिक भीतीही होती. शहराचे हलालखोर आणि बिगारी घाबरून निघून गेले तर मुंबईची सफाईच थांबेल, हे त्यांनी ओळखले होते. शहराचे आरोग्य ज्यांच्या हातांवर उभे असते त्या सर्वांत खालच्या माणसाच्या मनातली भीतीही सुरक्षिततेच्या हिशेबात धरावी लागते, हे प्रशासनाला असे नाइलाजाने कळले.

कळले, पण टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा देत होता आणि सद्भावनेने कृती करणाऱ्यांवर दावा चालणार नाही, असे अभय देत होता. रुग्णाला कोणते अभय? त्याबद्दल कायद्यात एक शब्द नाही. पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय झाले ते सर्वश्रुत आहे.

विश्वास थोडाबहुत परतला तो वेगळ्या वाटेने. मुंबईत जनरल गेटेकर यांच्या प्लेग समितीच्या काळात निरनिराळ्या जातीजमातींची स्वतंत्र प्लेग रुग्णालये निघाली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय उभे राहिले. तेथे स्वयंपाक आपला होता, देखरेख आपल्यांची होती. या तोडग्याचे कौतुक करताना त्याची किंमत विसरू नये: भीती कमी झाली ती जातीच्या भिंती जशाच्या तशा ठेवून, आणि ज्यांच्या जमातीत पैसा नव्हता त्यांच्यासाठी तो तोडगा नव्हताच. अशा वेळी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले आठवतात. रुग्णसेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सेवा करणाऱ्याच्या जिवाची किंमत काय, हा प्रश्नही असा त्याच साथीतला आहे.

त्याचे उत्तर कायद्याने फार उशिरा दिले. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा रोखणारा कायदा केला. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. पुढे एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धास्तीत, १८९७ च्या त्याच जुन्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती झाली: आरोग्यसेवकावर हल्ला केल्यास पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. महिनाभरापूर्वीच मुंबईतले पहिले करोना रुग्ण कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले होते. हे कस्तुरबा म्हणजेच आर्थर रोडचे ते रुग्णालय.

ही दुरुस्ती आवश्यक होती, याबद्दल मला शंका नाही. सलग छत्तीस तास जागलेल्या मुलामुलींना मार खावा लागू नये, एवढी किमान सभ्यता समाजाने पाळलीच पाहिजे. परंतु १८९७ साली अधिकाऱ्याला आणि २०२० साली सेवकाला अभय देणाऱ्या या कायद्यात फाटकाबाहेर थांबलेला माणूस दोन्ही वेळा केवळ संभाव्य गुन्हेगार म्हणून आला आहे.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी नऊ रात्री काढल्या. दाराशी सुरक्षारक्षक होता, पास होते, कॅमेरेही होते. एका रात्री सहा तास आतून काहीच कळले नाही, तेव्हा शेजारच्या कुटुंबाचे आवाज चढू लागले आणि रक्षक काठी सावरून उभा राहिला. तेवढ्यात आतून एक परिचारिका आली, बाकावर त्यांच्या शेजारी टेकली आणि काय चालले आहे ते तिने पाच मिनिटे साध्या मराठीत सांगितले. बातमी वाईटच होती. आवाज मात्र खाली आले. ती उठून आत गेली, कारण तिच्या वाट्याला त्या रात्री चाळीस खाटा होत्या. ती पाच मिनिटे तिने कोठून काढली, आणि ती रोज, प्रत्येक व्हरांड्यात मिळायची तर आत किती माणसे लागतील, हा हिशेब सुरक्षिततेच्या कोणत्याच अहवालात मी अजून वाचलेला नाही.