मैदान लहान आहे, ही सबब चालणार नाही
मंडळी, डिस्क गोल्फ म्हणजे ताटलीसारखी चकती कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची. 1975 साली एड हेड्रिकनं कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा टोपल्याही नव्हत्या. चकती खांबाला लागली की झालं! झाडं तोडायची नाहीत, तेच अडथळे.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग दिलं आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं केलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंही शाळेला मैदान हवंच म्हटलंय. तरी कित्येक शाळांच्या मैदानात आज गाड्या लागतात. विचारलं तर म्हणे, जागा लहान!

नवशिक्या पोरांना सहा खांब नि चार झाडं पुरतात. आधी गाड्या तेवढ्या बाहेर काढा.