जुन्या लष्करी रायफलींचे मूल्यांकन

जुन्या लष्करी रायफलींचे मूल्यांकन म्हणजे सैन्यदलांच्या सेवेतून बाद झालेल्या आणि संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व असलेल्या रायफलींची वाजवी किंमत ठरविण्याची पद्धती होय. युरोप व अमेरिकेत अशा रायफलींचा खुला बाजार असून तेथे अस्सलपणा, अवस्था आणि दुर्मीळता यांवरून किंमत ठरते. भारतात शस्त्राची कायदेशीर स्थिती हा पहिला निकष असतो. ती निर्दोष नसेल तर उत्तम अवस्थेतील रायफलीलाही विक्रीमूल्य उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यासारख्या सैनिकी परंपरेच्या भागात हा प्रश्न प्रामुख्याने वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांबाबत उद्भवतो.

पार्श्वभूमी

भारतीय उपखंडाशी सर्वाधिक निगडित असलेली लष्करी रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. ०.३०३ इंच (७.७ मिमी) व्यासाच्या काडतुसामुळे ती ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने ओळखली जाते. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावतात. तिचा मार्क ३ हा प्रकार १९०७ साली स्वीकारला गेला. पहिल्या महायुद्धात उत्पादन सुलभ व्हावे म्हणून काही भाग वगळून मार्क ३ तारांकित हा प्रकार काढण्यात आला. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात या रायफली मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात क्रमांक ४ ही नवी रायफल स्वीकारली, तरी ईशापूरने जुन्याच नमुन्याचे उत्पादन चालू ठेवले. १९६०च्या दशकात तेथे ७.६२ मिमी काडतुसासाठी २ए आणि २ए१ हे प्रकार तयार झाले. पुढे ईशापूरच्या अनेक रायफली परदेशी बाजारात पोहोचल्या व तेथे त्यांचा स्वतंत्र संग्राहकवर्ग निर्माण झाला.

किंमत ठरविणारे घटक

ओळख : बोल्टच्या मुठीखाली, दस्त्याच्या सांध्यावरील धातूच्या पट्ट्यावर कारखाना, वर्ष व प्रकार कोरलेला असतो. स्वातंत्र्यपूर्व ईशापूर रायफलींवर राजमुकुट व ‘जीआरआय’ ही अक्षरे आढळतात. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. २ए व २ए१ यांतील फरक मागील साइटवरून कळतो. पहिल्यावर २००० मीटरपर्यंतच्या, तर दुसऱ्यावर ८०० मीटरपर्यंतच्या खुणा असतात.

क्रमांकांचा मेळ : मुख्य सांगाडा, बोल्ट, नळीच्या टोकावरील टोपण व मागील साइट यांवरील क्रमांक एकच असल्यास रायफल मूळ रूपात असल्याचे मानले जाते. बोल्टचा क्रमांक वेगळा असल्यास किंमत लक्षणीय घटते. पुसून पुन्हा कोरलेला क्रमांक हा गंभीर दोष समजला जातो. भारतात परवान्यावर शस्त्राचा क्रमांक नमूद असल्याने असा बदल कायदेशीर अडचणही निर्माण करतो.

अवस्था : नळीच्या आतील आटे (सर्पिल खाचा) स्पष्ट व गंजमुक्त असावेत. लाकडी दस्ता पॉलिशकागदाने घासून नवा केलेला असल्यास त्यावरील मूळ शिक्के नष्ट होतात. पुन्हा चढविलेला काळा मुलामाही मूल्य कमी करतो. त्यामुळे झिजलेली पण अस्पर्शित रायफल चकचकीत केलेल्या रायफलीपेक्षा अधिक मोलाची ठरते. खंडेनवमीला शस्त्रे पूजेसाठी बाहेर काढताना ती खरवडून उजळवू नयेत, सुक्या मऊ कापडाने पुसावीत, असे सुचविले जाते ते याच कारणाने. चंदगडसारख्या अतिपावसाच्या भागात गंज हा मूल्यऱ्हासाचा मुख्य धोका असतो.

बदल व दुरुस्ती : प्रत्येक बदल दोष नसतो. ईशापूर रायफलींच्या पुढील लाकडात आडवा बसविलेला स्क्रू किंवा ग्रेनेड फेकण्यासाठी लाकडाभोवती गुंडाळलेली तार ही सेवाकाळातील कामे असून ती अस्सलपणाची खूण ठरतात. शिकारीसाठी कापलेला दस्ता मात्र संग्रहमूल्य घटवितो. ‘डीपी’ असा शिक्का असलेली रायफल केवळ कवायतीसाठी असते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांना ती परिचित आहे. तिची किंमत कमी धरली जाते व ती झाडणे धोक्याचे असते.

पुरवठा : मोठा लष्करी साठा बाजारात आला की भाव पडतात आणि तो संपला की चढतात. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अमेरिकेत स्वस्तात मिळणाऱ्या मोसिन-नागान रायफली पुढे महाग झाल्या, हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

वाजवी किंमत काढण्यासाठी विक्रेत्याने मागितलेला भाव ग्राह्य धरत नाहीत. त्याच प्रकारच्या व अवस्थेच्या रायफलींचे प्रत्यक्ष झालेले अलीकडील लिलाव पाहतात, लिलावगृहाची दलाली विचारात घेतात आणि मग उणिवांनुसार वजावट करतात. युद्धात वापरल्याची कथा कागदपत्रांचा आधार असेल तरच किमतीत धरली जाते.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. ०.३०३ व ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे झाडू शकणाऱ्या रायफली, तसेच ०.४१० बोअरच्या मस्केट या प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात. सर्वसामान्य परवान्यावर त्या मिळत नाहीत. त्यामुळे परदेशी लिलावातील भाव रुपयांत रूपांतरित करून येथील किंमत काढणे चुकीचे ठरते. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, कालबाह्य नमुन्याचे, पुराणवस्तूमूल्याचे किंवा नादुरुस्त असलेले आणि दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणारे शस्त्र या तरतुदींतून वगळले आहे. केवळ जुनेपणा त्यासाठी पुरेसा नाही. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो आणि त्यांची खासगी निर्यात करता येत नाही.

चंदगड परिसर

चंदगडपासून जवळ असलेल्या बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र आहे. या परिसरात दोन प्रकारची जुनी शस्त्रे चर्चेत येतात : सैनिकी सेवेशी जोडलेल्या रायफली आणि शेतीसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुका. रानडुकरे व गवे यांच्या उपद्रवामुळे दुसऱ्या प्रकाराचे येथे महत्त्व आहे. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ठासणीची बंदूक ही लष्करी रायफल नव्हे. दोन्हींचे मूल्यांकन वेगळ्या निकषांवर होते.

चंदगड तालुका १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या परवान्यांवर किंवा पावत्यांवर बेळगाव जिल्ह्याचा उल्लेख असणे स्वाभाविक आहे. तो विसंगत समजून कागद टाकून दिल्यास शस्त्राच्या मालकीचा जुना पुरावाच नाहीसा होतो.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात तसेच ठेवता येत नाही. कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. विहित मुदतीत वारसाने परवाना मिळविला नाही किंवा विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. धारकाच्या हयातीतही, वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मूल्यांकनाच्या दृष्टीने परवाना, खरेदीची पावती, सेवापुस्तिका व जुनी छायाचित्रे एकत्र जतन करणे महत्त्वाचे असते. शस्त्र जमा करावे लागले तरी कुटुंबाच्या सैनिकी इतिहासाचे हे दस्तऐवज घरात राहतात.

हेही पहा

ली-एनफिल्ड
मराठा लाइट इन्फंट्री
चंदगड तालुका
खंडेनवमी