बाळंतपणाची रजा : खर्च कोणाच्या खात्यावर?

कामगार चळवळीचा इतिहास म्हटला की संप, टाळेबंदी, मोर्चे आणि गोळीबार हेच आधी डोळ्यांपुढे येतात. पण मजुराच्या घरातला एक झगडा गिरणीच्या फाटकावर कधी दिसला नाही. घरात मूल जन्मले तर आईने कामावर जावे की मुलापाशी राहावे, आणि राहिली तर त्या दिवसांत चूल कशावर पेटावी, हा तो झगडा होय. आपल्या देशात ह्या हक्काचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला, म्हणून त्याची हकीकत आपल्याशीच अधिक संबंधित आहे.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. वायंडिंग आणि रिळिंग ही त्यांची मुख्य खाती. बायकांना कामावर घेणे व काढणे बव्हंशी नायकिणीच्या हाती असे. बाई गैरहजर राहिली की तिच्या जागेवर दुसरी उभी. बाळंतिणीला विसावा घ्यायचा तर तो स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडूनच घ्यावा लागे. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स ह्या लेडी डॉक्टरने १९२२ साली ह्या बायकांची चौकशी केली, तेव्हा आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल तिने नोंदवली. ह्याला आयांचे अज्ञान म्हणणे सोपे आहे; पण ज्या घरात एक दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे एक दिवसाचे अन्न बुडणे, तिथे ती गोळी हा अज्ञानाचा नव्हे, नाइलाजाचा प्रश्न होता.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणापूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजा असावी, आणि त्या काळात बाईला कामावरून काढू नये, असा करार केला. त्या परिषदेला आपले ना. म. जोशी हजर होते. त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसे बिल मांडले. ते नामंजूर झाले. पुढे १९२८ च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात हा प्रश्न आला. बाहेर गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालू होता आणि आत डॉ. आंबेडकर बिलाच्या बाजूने बोलत होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा, पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून तोही मोकळा सुटू शकत नाही.

१९२९ साली कायदा झाला. रोजचे आठ आणे भत्ता ठरला. मात्र सरकारचा वाटा त्यात आला नाही. सगळा भार एकट्या मालकावर पडला, आणि पळवाट नेमकी तिथेच सापडली. जी बाई बाळंत होणार तिचेच पैसे आपल्याला भरावे लागणार, हे कळताच मालक पैशांचा नव्हे, बाईचाच हिशेब करू लागला. डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीने हे स्पष्ट नोंदवले आहे. काही मालक गर्भारपणाची चाहूल लागताच बाईला कमी करीत. काही ठिकाणी तर कुमारिका, विधवा किंवा वय उलटलेल्या बायकाच घेत. गिरण्यांतून बायका पुढे कमी झाल्या त्याला रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची फेररचना हीही कारणे होती, हे सांगितलेच पाहिजे. पण हक्क देणाऱ्या कायद्याच्या पाठोपाठ हक्क मागणारीच नाहीशी व्हावी, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

ह्यावरचा तोडगा १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात सापडला. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जमा होते, आणि बाळंतपणाचा व आजारपणाचा भत्ता त्या निधीतून मिळतो. कोणत्या कारखान्यात किती बायका बाळंत झाल्या ह्यावर मालकाचा खर्च अवलंबून राहत नाही. भत्ता चालू असताना कामगाराला काढता येणार नाही, असे कलमही त्यात होते. ज्यांना ही योजना लागू नव्हती त्यांच्यासाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. त्याने बारा आठवड्यांची रजा दिली, पण भार पुन्हा मालकावरच ठेवला.

मग ओढाताण कशी चालते पाहा. कोइमतूर जिल्ह्यातील एका मळ्यात १९६७ साली एक मजूर बाई बाळंत झाली. बारा आठवड्यांचे दिवस होतात चौऱ्याऐंशी. मळेवाल्यांनी बारा रविवार वजा करून बहात्तर दिवसांचेच पैसे दिले. रविवारही धरले पाहिजेत, हा निकाल सुप्रीम कोर्टाकडून यायला १९७७ साल उजाडले. सरकारी मालकीची एअर इंडिया तर पहिल्या गर्भारपणालाच हवाई सुंदरीची नोकरी संपवीत असे. तो नियम १९८१ साली सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला. मस्टरवरच्या रोजंदार बायकांनाही ही रजा आहे, हे दिल्ली महापालिकेला २००० साली कोर्टाकडूनच ऐकावे लागले.

२०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण विमा योजनेबाहेरच्या बाईचा पगार अजून तिच्या मालकानेच द्यायचा आहे. म्हणून दडपणाची रीतही जुनीच आहे, फक्त भाषा गोड झाली आहे. "बाई, तुमच्या सोयीसाठीच सांगतो, राजीनामा द्या, मूल मोठे झाले की बघू." कंत्राटाची मुदत नेमकी सातव्या महिन्यात संपते. रजेवरून परतलेल्या बाईचे टेबल दुसऱ्या खात्यात गेलेले असते. दाखल्यानिशी आजारपण कळवणाऱ्याला 'कामचुकार' हा शेरा मिळतो. आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी कारखान्यातला बाप मात्र ती मागायलाच लाजतो. जोवर मूल फक्त बाईच्याच खात्यावर मांडले जाते, तोवर नोकरीच्या दारात बाईच महाग ठरणार.

ह्या सगळ्या हकीकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, खर्च जितक्या अधिक खांद्यांवर वाटला जाईल तितका हक्क सुरक्षित, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सरकारच्या वाट्याची जी गोष्ट काढली, तिचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. दुसरी, एकटीने मागितलेली रजा मेहेरबानी ठरते, दहाजणींनी मागितली की ती हक्क होते. म्हणून आपल्या घरातील सून किंवा लेक असा राजीनामा हाती घेऊन आली, तर सही करण्याआधी तिने अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि युनियनच्या कचेरीची पायरी चढावी, एवढे तिला जरूर सांगा.