संत विन्सेंट डी पॉल सोसायटी : धर्मग्रामातील मदतकार्याची ओळख

प्रेषितांच्या काळात यरुशलेम येथील ख्रिस्तसभेत एक तक्रार उठली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ती तक्रार क्षुल्लक मानली नाही. सर्व शिष्यांना एकत्र बोलावून त्यांनी चांगल्या नावलौकिकाच्या सात जणांची निवड करवून घेतली, प्रार्थनापूर्वक त्यांच्या मस्तकांवर हात ठेवले आणि ती सेवा त्यांच्या हाती सोपवली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). गरजूंची काळजी हे केवळ सद्भावनेचे काम नसून त्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि व्यवस्था लावावी लागते, हा धडा ख्रिस्तसभा तेव्हापासून गिरवीत आली आहे. आपल्या धर्मग्रामांतून कार्यरत असलेली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी ही त्याच परंपरेतील संस्था होय. तिचे नाव सर्वांच्या परिचयाचे असले, तरी ती नेमके काय करते व तिच्याकडे कोणी जावे, याविषयी पुष्कळांना माहिती नसते.

शाटिलाँ येथील रविवार

संत विन्सेंट यांचा जन्म फ्रान्समधील एका शेतकरी कुटुंबात १५८१ साली झाला. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यात ते शाटिलाँ या गावी धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेची तयारी चालू असता त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरील एका घरात सर्वच माणसे आजारी असून त्यांची शुश्रूषा करण्यास कोणी उरलेले नाही. विन्सेंट यांनी प्रवचनातून ही हकिकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या व तिकडून परतणाऱ्या लोकांची रस्त्यावर रीघ लागलेली त्यांना दिसली.

हे दृश्य पाहून त्यांना आनंद झाला. पण त्याचबरोबर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आज त्या घरी गरजेपेक्षा जास्त अन्न आले आहे. त्यातील काही नासून जाईल आणि थोड्याच दिवसांत ते कुटुंब पुन्हा उपाशी राहील. लोकांच्या प्रीतीत काही उणे नव्हते, उणीव होती ती व्यवस्थेची. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांचा एक संघ स्थापन केला आणि रुग्णांची सेवा पाळीपाळीने करण्याचे नियम घालून दिले. रुग्णाला प्रेमाने अभिवादन कसे करावे, त्याच्यापुढे ताट कसे मांडावे, इतके बारकावे त्या नियमांत आहेत. ज्यांच्याजवळ घरचे माणूस आहे त्यांच्याकडे आधी जावे आणि एकट्या रुग्णाकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल, असेही त्यांत सांगितले आहे.

पुढे १६३३ साली संत लुईज द मारियाक यांच्या साहाय्याने विन्सेंट यांनी प्रीतिकन्या हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. २७ सप्टेंबर १६६० रोजी त्यांचे निधन झाले. १७३७ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले आणि १८८५ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना सर्व परोपकारी कार्यांचे आश्रयदाते संत घोषित केले.

पॅरिसमधील विद्यार्थी

सोसायटीची स्थापना मात्र संत विन्सेंट यांनी केलेली नाही. ती त्यांच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिस येथे काही विद्यार्थ्यांनी केली. त्यांच्यात अग्रणी होते फ्रेडरिक ओझानम. त्या दिवशी त्यांना वीस वर्षे पूर्ण झाली होती. विद्यार्थ्यांच्या एका वादमंडळात ख्रिस्तसभेच्या थोर कार्याविषयी ते बोलत असता प्रतिपक्षाने त्यांना विचारले की, पूर्वीचे सोडा, तुम्ही स्वतः आज गरिबांसाठी काय करीत आहात? हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. ओझानम आणि त्यांच्या एका मित्राने आपल्याकडे शिल्लक असलेले जळण उचलले आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिले.

एमान्युएल बायी या वयाने ज्येष्ठ गृहस्थांच्या मार्गदर्शनाखाली सात जणांचे मंडळ जमले. गरिबांच्या वस्तीत कसे जावे, हे त्यांना धर्मभगिनी रोझाली रांद्यू यांनी शिकवले. त्या प्रीतिकन्या संघाच्या होत्या आणि पॅरिसच्या अत्यंत दरिद्री भागात सेवा करीत होत्या. १८३५ साली सोसायटीची पहिली नियमावली तयार झाली. ओझानम पुढे सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ते विवाहित होते, त्यांना एक कन्या होती. १८५३ मध्ये वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी ओझानम यांना आणि ९ नोव्हेंबर २००३ रोजी धर्मभगिनी रोझाली यांना धन्यवादित घोषित केले. ओझानम यांचा सण ९ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या मोंतीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी येतो. भारतात ही सोसायटी एकोणिसाव्या शतकातच पोहोचली.

कॉन्फरन्सचे कामकाज

सोसायटी ही प्रापंचिकांची संस्था आहे. तिच्या स्थानिक शाखेस कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्सला अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार असतात आणि धर्मगुरू आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून साहाय्य करतात. सभा प्रार्थनेने सुरू होते. त्यानंतर आध्यात्मिक वाचन, गेल्या सभेचे इतिवृत्त, भेट दिलेल्या कुटुंबांचा अहवाल आणि नव्या अर्जांवर विचार, असा क्रम असतो. शेवटी सभासदांमध्ये एक पिशवी फिरवली जाते. प्रत्येक जण हात आत घालून आपले दान टाकतो. कोणी किती टाकले, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याला त्या आठवड्यात देण्यासारखे काही नसेल त्याचाही हात पिशवीत जातो, त्यामुळे त्याची अडचण उघडी पडत नाही.

हीच गुप्तता मदत घेणाऱ्यांच्या बाबतीतही पाळली जाते. कुटुंबांची नावे सभेबाहेर उच्चारली जात नाहीत आणि त्यांची यादी सूचनाफलकावर लावली जात नाही. गरजूचा धर्म, जात वा भाषा मदतीच्या आड येत नाही.

गृहभेट

सोसायटीच्या कार्याचा गाभा म्हणजे गृहभेट. सभासद दोघे मिळून गरजूच्या घरी जातात. कार्यालयात बसून अर्ज मंजूर करणे सोपे असते. परंतु जे अर्जात लिहिलेले नसते ते घरात गेल्यावर दिसते. घरातील कर्ता माणूस आजारी पडला की प्रथम दागिना गहाण जातो, मग वाण्याची उधारी वाढते, त्यानंतर मुलांची फी थकते. अखेरीस ते कुटुंब रविवारच्या मिस्सेसही येईनासे होते, कारण दान गोळा करणारी थैली समोर आली की त्यांना संकोच वाटतो. अशा वेळी लोक म्हणतात की त्यांची श्रद्धा कमी झाली. वस्तुतः त्यांची लाज वाढलेली असते. हे कुटुंब स्वतःहून अर्ज घेऊन येणार नाही. कोणीतरी त्याच्या दारी जावे लागते.

मदतीचे स्वरूप

मदत प्रामुख्याने चार प्रकारची असते. पहिला प्रकार मासिक शिध्याचा. वृद्ध, निराधार विधवा व दीर्घकाळ आजारी असलेल्यांना तांदूळ, डाळ, तेल इत्यादी दिले जाते. दुसरा शिक्षणाचा. जून महिन्यात फी, वह्या, गणवेश हे सारे खर्च एकदम येतात आणि किनाऱ्यावरील कुटुंबांची मासेमारी त्याच वेळी बंद असते. तिसरा औषधोपचाराचा. चौथा घरदुरुस्तीचा, ज्याची निकड पावसाळ्याच्या तोंडावर असते. याखेरीज शिलाई मशीन, हातगाडी किंवा मासळीच्या व्यवसायासाठी भांडवल अशी मदतही देता येते. तिच्यामुळे कुटुंब पुन्हा आपल्या पायांवर उभे राहते आणि सोसायटीचा शिधा दुसऱ्या घरी जाऊ शकतो.

शासकीय योजना व धर्मादाय रुग्णालये

सोसायटीचा निधी मर्यादित असतो. म्हणून हक्काची मदत मिळवून देणे हेही तिचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात निराधार, विधवा व दिव्यांग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तर ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. त्यांचे अर्ज तहसील कार्यालयातून स्वीकारले जातात. एकट्या वृद्धेला उत्पन्नाचा दाखला मिळवणे कठीण जाते. सभासदाने तिच्याबरोबर एक सकाळ तहसील कार्यालयात घालवली, तर तिला दरमहा अनुदान सुरू होऊ शकते.

रुग्णालयांच्या बाबतीतही एक तरतूद सर्वांना ठाऊक असावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या पाहिजेत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवावे लागते. तातडीच्या रुग्णास प्रथम दाखल करून घेणे बंधनकारक आहे. बिल भरण्यासाठी घर विकायला निघालेल्या कुटुंबाला ही माहिती वेळेवर मिळणे हेच मोठे साहाय्य होय.

मदत कशी मागावी

गरज असलेल्या व्यक्तीने धर्मग्रामातील प्रमुख धर्मगुरूंना किंवा कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटावे. अर्जाबरोबर रेशनकार्ड, आणि गरज असेल त्याप्रमाणे शाळेचे किंवा डॉक्टरांचे कागद जोडावेत. स्वतः येणे शक्य नसेल, तर शेजाऱ्याने किंवा नातलगाने कळवले तरी चालते. मात्र त्याने ही गोष्ट आपल्यापुरतीच ठेवावी. देणगीदारांनी आपले दान सोसायटीच्या पेटीत टाकावे अथवा खजिनदारांकडे देऊन पावती घ्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून सामान्यकाळातील तेहेतिसाव्या रविवारी पाळला जातो. त्या दिवशी आपण विशेष दान करतो, ते योग्यच आहे. परंतु शाटिलाँच्या त्या घरी पहिल्या दिवशी अन्नाचा ढीग पडला होता. प्रश्न पुढच्या आठवड्याचा होता. आज बहुतेक कॉन्फरन्सना पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. आठवड्यातून एक तास काढू शकतील आणि दुसऱ्याच्या घरात जे पाहिले ते आपल्या मनात ठेवू शकतील, अशा तरुण-तरुणींनी पुढील सभेस अवश्य उपस्थित राहावे. ओझानम यांनाही सुरुवातीला सहाच सोबती मिळाले होते.