टक्कल, तेल आणि अठ्ठावीस टक्के

मंडळी, टकलावर सल्ला द्यायला कुणाला डिग्री लागत नाही. न्हाव्यापासून टीम लीडपर्यंत प्रत्येकाकडे एक रामबाण तेल असतंच. माझं कपाळ तिशीच्या आधीच मागे सरकायला लागलंय, त्यामुळे या उपायांचा इतिहास जरा खोदून बघितला.

खटाटोप जुनाच आहे. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या 'एबर्स' या इजिप्तमधल्या वैद्यकाच्या पोथीत सिंह, पाणघोडा, मगर, मांजर यांची चरबी डोक्याला लावायला सांगितलीय! खरं कारण कळायला मात्र १९४२ साल उजाडलं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टनने दाखवलं, की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही; पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. थोडक्यात काय, तर हार्मोन आणि आनुवंशिकता. पुण्याचं पाणी आणि हेल्मेट दोघंही निर्दोष!

पुढची गंमत अशी, की जी दोन औषधं खरोखर लागू पडली, ती केसांसाठी शोधलेलीच नव्हती. मिनॉक्सिडिल ही अपजॉन कंपनीची रक्तदाबाची गोळी. १९७९ साली ती अमेरिकेत मंजूर झाली. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवायचे. मग या बगचंच फीचर झालं आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण मंजूर झालं.

दुसरं फिनास्टेराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत जन्मतः मुलींसारखी दिसणारी मुलं वयात येताना पुरुषांसारखी होत. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम त्यांच्यात कमी पडतं, हे इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि कपाळही मागे जायचं नाही. मर्क कंपनीने हेच एन्झाइम अडवणारी गोळी काढली. ती १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली.

आता खरा मुद्दा. या गोळीच्या चाचणीत १५५३ पुरुष होते. साधारण निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी. डोक्यावर १ इंचाचं वर्तुळ ठरवून त्यातले केस मोजले. दोन वर्षांनी खरी गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांचे केस टिकले किंवा वाढले. खोटी घेणाऱ्यांत? २८ टक्के!

हा २८ चा आकडा नीट बघा. औषधाचा कणही पोटात न जाता शंभरातल्या अठ्ठावीस जणांचे केस दोन वर्षं शाबूत राहिले. त्यांना कुणी तेल दिलं असतं, तर त्यांनी शपथेवर त्या तेलाचे गोडवे गायले असते. 'माझ्या मेव्हण्याला फरक पडला' याला म्हणूनच पुरावा म्हणता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९८९ मध्ये पुरावे तपासले आणि केस उगवण्याचा दावा करत विनाचिठ्ठी विकला जाणारा सगळा माल बाद ठरवला.

ही दोन औषधंही जादू नव्हेत. बंद केली की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच काय ते.

असो. यापुढे कुणी बाटली पुढे केली, की मी एवढंच विचारणार: केस कुणी मोजले, आणि बाटली न वापरणाऱ्यांचं काय झालं?