करोडगिरीच्या नाक्यापासून व्हिसापर्यंत

मागचं व्याख्यान संपल्यावर जालन्यातलं एक वयस्क जोडपं आम्हाला भेटलं. लेक परदेशात, नातवाचं बारसं, आणि यांचा टुरिस्ट व्हिसा नाकारलेला. आजोबा म्हणाले, "सर, आम्ही काय गुन्हेगार आहोत?" आज त्याचं उत्तर आपण इतिहासात शोधू.

जालन्याला सरहद्द नवी नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जिजाऊंचं सिंदखेडराजा इथून तासाभरावर, पण ते वऱ्हाडात. आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. हद्दीवर करोडगिरीचे नाके. मात्र तिथं झडती व्हायची ती मालाची. गाठोडं सोडून बघत, जकात घेत. माणूस कशाला चालला, परत कधी येणार, याच्याशी नाक्याला फारसं देणंघेणं नव्हतं.

पहिल्या महायुद्धानं झडती मालावरून माणसावर आणली. हेरांच्या भीतीनं युरोपातल्या देशांनी पासपोर्ट सक्तीचा केला. लढाई संपली, सक्ती राहिली. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेनं पासपोर्टच्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना सुचवला; त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा झाला.

मग पासपोर्ट हा हक्क की मेहेरबानी? १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतं. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. तेव्हापासून सरकारला मनात आलं म्हणून पासपोर्ट नाकारता येत नाही. कायद्यातलंच कारण लागतं.

पण हा हक्क आपल्या सरकारपुरता. निघणं आपल्या हक्काचं, आत घेणं दुसऱ्याच्या मर्जीचं. कांटनं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात परक्या माणसाचा भेटीचा हक्क मानला, मुक्कामाचा नाही. आजच्या राज्यांनी तो भेटीचा हक्कही अर्जावर आणून ठेवला.

त्या अर्जाला आपण बँकेचे उतारे, पेन्शनचे कागद, कधी सातबारासुद्धा जोडतो. कारण तिकडच्या अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न असतो, हा माणूस परत जाईल ना? आणि गंमत बघा, लेक तिथं आहे हे आजोबांचं जाण्याचं कारण. अधिकाऱ्याला तेच परत न येण्याचं कारण वाटू शकतं.

तेव्हा आजोबा, करोडगिरीवाल्यानं गाठोडं सोडायला लावलं म्हणून कुणी चोर ठरत नव्हतं. व्हिसा नाकारला म्हणून तुम्हीही गुन्हेगार ठरत नाही. घर, शेत, माणसं इथं आहेत हे कागदावर नीट दाखवा आणि पुन्हा अर्ज करा. आधीचा नकार विचारला तर लपवू नका. व्हिसा मिळाला तरी विमानतळावर पुन्हा विचारतील. तिथंही उत्तर तेच द्या. बारसं हुकलं असेल, जावळ अजून व्हायचं आहे.