प्रकाशगतिक उपचारांची त्रिमितीय अर्बुद-प्रतिरूपांवरील चाचणी

प्रकाशाने कार्यान्वित होणाऱ्या कर्करोगविरोधी औषधांचा परिणाम प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्रिमितीय पेशीगोलकांवर तपासण्याची पद्धती [→ कर्करोग, पेशी संवर्धन]. रंजकद्रव्य व प्रकाश यांच्या संयुक्त क्रियेने सूक्ष्मजीव मरतात, हे या उपचारांच्या मुळाशी असलेले म्यूनिक येथील ओस्कार राब यांचे निरीक्षण १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. अर्बुदाचे प्रतिरूप म्हणून पेशीगोलकांचा वापर रॉबर्ट सदरलँड व सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास रूढ केला.

प्रकाशगतिक उपचारासाठी प्रकाशसंवेदक द्रव्य, योग्य तरंगलांबीचा प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिन्ही घटक एकत्र यावे लागतात. बशीतील एकपदरी पेशींना ते जवळजवळ सारखेच मिळतात. त्यामुळे तेथील यशावरून अर्बुदातील परिणामाचा अंदाज बांधता येत नाही. पेशीगोलकात औषध व ऑक्सिजन आतल्या थरांकडे घटत जातात आणि सुमारे ५०० मायक्रोमीटरहून मोठ्या गोलकाचा गाभा बहुधा मृत असतो. शिवाय उपचारक्रियेतच ऑक्सिजन खर्च होत असल्याने तीव्र प्रकाशापेक्षा मंद किंवा खंडित प्रकाश अधिक परिणामकारक ठरू शकतो, हे अशा प्रतिरूपांत तपासता येते.

साध्या गोलकांत रक्तवाहिन्या व प्रतिकारपेशी नसतात, हा आक्षेप रास्त आहे. कारण रक्तपुरवठा तोडणे आणि प्रतिकारशक्ती जागविणे हे या उपचाराचे महत्त्वाचे मार्ग आहेत. अशा पेशी अर्बुदपेशींसोबत वाढविण्याने (सहसंवर्धनाने) ही उणीव अंशतःच भरून निघते. म्हणून ही पद्धती प्राण्यांवरील चाचण्यांचा पूर्ण पर्याय नव्हे. परंतु त्यांच्या आधीची चाळणी म्हणून ती आवश्यक ठरते.